जुनी गाडी पेट्रोल पिते? उघडण्याआधी मोजा

हा एपिसोड ऐकून झाल्यावर बऱ्याच जणांना आकडे परत बघायचे असतात, म्हणून हा त्याचा लेखी अवतार. बोलताना तोंडात येणारे "म्हणजे", "तर काय झालं की" मी बऱ्यापैकी कापलेत. सगळे कापले असते तर हा मीच आहे हे तुम्हाला पटलं नसतं.

तर काय झालं की, गेल्या वर्षी मी सेकंडहँड गाडी घेतली. २०१४ चं मॉडेल, १.२ लिटर पेट्रोल, छोटी हॅचबॅक, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे काही निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. गाडी घ्यायचं कारण सरळ होतं. आई-बाबा साताऱ्याला, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि दर दुसऱ्या शनिवारी स्वारगेटला एसटीच्या रांगेत उभं राहून मी कंटाळलो होतो. त्यात आठवड्यातून तीन दिवस वारजे ते हिंजवडी. महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या आसपास.

दोन महिन्यांत लक्षात आलं की पेट्रोलवर दहा हजार जातायत. मित्रांना विचारलं, तर तशाच गाडीवाले म्हणाले, "अरे, आम्हाला तर शहरात तेरा-चौदाचं ॲव्हरेज मिळतं." मग घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, दोन मिनिटं तोंड वाकडं करून बघितलं आणि निकाल दिला: "साहेब, पिस्टन रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल. अडतीस हजार धरून चाला."

अडतीस हजार. बाबांच्या ऑपरेशनसाठी माझ्या वाट्याची जी रक्कम मी बाजूला काढली होती, ती जवळपास एवढीच होती. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "विकून टाक. एसटी आहे की अजून." ते ऐकून मला जरा लागलं, खरं सांगतो. गाडी मी त्यांच्यासाठी घेतली होती ना!

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. तिथे कुणी मला "सर्व्हर स्लो आहे, सगळा कोड परत लिहा" म्हणालं, तर मी पहिला प्रश्न विचारतो: स्लो म्हणजे किती? कशावरून? गाडीच्या बाबतीत हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला नव्हता. माझं "ॲव्हरेज" म्हणजे काय, तर पाचशेचं पेट्रोल टाकायचं आणि काटा खाली आला की किती किलोमीटर झाले ते आठवायचं. ह्याला मोजणं म्हणत नाहीत.

मोजायची पद्धत अशी. टाकी फुल करा, पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबा. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का?" विचारेल, त्याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. गाडी नेहमीसारखी चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर परत पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले बिलावरचे लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, कारण ऑटो कट अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होऊ शकतो. अठ्ठावीस लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे साडेतीन टक्के. तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र, तीन टाक्यांचे लिटर एकत्र, आणि मग भागाकार. माझं आलं ८६६ किलोमीटर, ८४.१ लिटर. म्हणजे १०.३.

ह्या तीन टाक्यांच्या काळात गाडीत काहीही बदललं नाही. सगळ्यात अवघड भाग हाच होता, हात शिवशिवत होते.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवून देऊ. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा. माझ्या गाडीचा एकोणीसच्या पुढे होता. ते आकडे एआरएआय म्हणजे आपल्या कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवरच्या संस्थेसारख्या ठिकाणी, रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार काढलेले असतात. त्या आराखड्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. त्यात चांदणी चौक नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे, पण तुमची गाडी आजारी आहे का, हे त्यावरून ठरवू नका. त्यासाठी तीच गाडी, तसंच शहर, तसाच रस्ता असलेल्या माणसाचा आकडा बघा.

आता पहिला धक्का. मोजमाप करणारा मीटरच खोटा बोलत होता.

टायरवर १८५/७० आर१४ लिहिलं होतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, तिथे १६५/७० आर१४ होतं. म्हणजे आधीच्या मालकाने रुंद टायर टाकलेले. दिसायला भारी दिसतं म्हणून टाकतात लोक. पण हिशोब करा. १६५ चे ७० टक्के म्हणजे ११५.५ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची. वर आणि खाली मिळून २३१, अधिक १४ इंची रिम म्हणजे ३५५.६. एकूण व्यास ५८६.६ मिलिमीटर. हेच १८५ साठी केलं तर ६१४.६. जवळपास पावणेपाच टक्के मोठं चाक! चाक मोठं असलं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारा फेऱ्याच मोजतो. सातारा रस्त्यावर मोबाइलचं जीपीएस लावून बघितलं: मीटरवर ५०, जीपीएसवर ५२.२. म्हणजे माझं खरं ॲव्हरेज १०.३ नव्हतं, १०.७५ होतं. खिशातून जाणाऱ्या पैशात ह्याने एक रुपयाचा फरक पडला नाही, पण बग शोधताना थर्मामीटर बरोबर आहे का हे आधी कळलेलं बरं. (वापरलेली गाडी घेताना टायरचा साइझ आणि स्टिकर जुळवून बघा, फुकटचं काम आहे. मी बघितलं नव्हतं.)

इथून पुढचे सगळे आकडे जीपीएसप्रमाणे दुरुस्त केलेले आहेत.

मग हवा. सकाळी, गाडी थंड असताना मोजली. स्टिकरवर ३२ पीएसआय, माझ्या चार चाकांत २४, २५, २२ आणि २७. मला वाटलं, सापडला चोर! हवा भरली, एक टाकी चालवली, आणि फरक जेमतेम जाणवला. नंतर वाचलं तर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा आहे की चारही चाकांची सरासरी हवा १ पीएसआयने कमी झाली की इंधनाचा साधारण ०.२ टक्के फटका बसतो. माझी सरासरी साडेसातने कमी होती, म्हणजे दीड टक्का. हवा नीट ठेवा, टायर वाचतात, ब्रेक नीट लागतात, पण गाडी चौदाऐवजी दहा देत असेल तर त्याचं कारण एकटी हवा असू शकत नाही.

तेच एअर फिल्टरचं. "फिल्टर चोक झालाय, म्हणून पेट्रोल खाते" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. कार्बोरेटरच्या काळात ते खरं होतं. हवा कमी आली तरी पेट्रोल तेवढंच ओढलं जायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं: फिल्टर तुंबला की गाडीचा पिकअप मार खातो, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. मी तरीही साडेतीनशेचा नवा फिल्टर टाकला, कारण जुन्यात एक वाळलेलं पान आणि अर्धा झुरळ होता. ॲव्हरेज जागच्या जागी.

आता त्या अडतीस हजारांचं बघू. पिस्टन रिंगा गेल्यात की नाही हे तोंड बघून ठरवायची गरज नसते. कॉम्प्रेशन टेस्ट नावाची तपासणी आहे. प्लग काढून त्या जागी गेज लावतात, इंजिनला स्टार्टरने फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते बघतात. दुसऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले काका साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. पाचशे रुपये घेतले, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. काकांनी विचारलं, "ऑइल कमी होतं का? मागून निळा धूर?" दोन्ही नाही. "मग इंजिनला हात कशाला लावायचा?" त्या रात्री मला नीट झोप लागली.

काकांकडे जुने प्लगही बदलले, मुदत संपलेलीच होती. फरक किरकोळ. तोपर्यंत १०.९ पर्यंत आलो होतो.

खरा चोर मोबाइलवर सापडला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत मिळेल. त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन सातशे रुपयांत आला, ॲप फुकट. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, मेमरीत एकही एरर कोड नव्हता. लोक इथेच थांबतात, कोड नाही म्हणजे गाडी ठीक. मी लाइव्ह डेटा बघत बसलो. बायपासवर अर्धा तास गाडी चालवल्यावर कूलंटचं तापमान किती, तर ६१ अंश. परत बघितलं. ५९.

हे बरोबर नाही. पेट्रोल इंजिन साधारण ८५ ते ९५ अंशांना सुखात असतं. ते पटकन तापावं म्हणून थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागते. ती कायम उघडी राहिली तर इंजिन तापतच नाही. आणि थंड इंजिनात ईसीयूला वाटतं की गाडी आत्ताच चालू झालीय, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. आपल्या आईने हिवाळ्यात प्रत्येकाला दोन घास जास्त वाढावे तसं. शिवाय थंड ऑइल घट्ट, त्यामुळे घर्षण जास्त. मला हे आधी का कळलं नाही? कारण ह्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. थंड असताना निळा दिवा लागतो, आणि तो तसा लवकरच विझतो.

काकांनी थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत झडप अडकलेली नव्हती. आत झडपच नव्हती!

काका हसले. "काढून टाकलाय. गाडी गरम होत असणार कधीतरी." आपल्याकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे. गाडी तापते, खरं कारण शोधायला वेळ लागतो, मग थर्मोस्टॅट काढून फेकायचा. तापणं थांबतं, गिऱ्हाईक खूश. आमच्या क्षेत्रातल्यांना सांगतो, टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच कमेंट करून टाकण्याचा हा प्रकार आहे.

नवा थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी मिळून एकोणीसशे. तापमान ८८ वर स्थिर. मी आनंदात. आणि तिसऱ्या दिवशी हिंजवडीच्या जाममध्ये ॲपवर आकडा चढायला लागला. ९८, १०२, १०६. घाम मला फुटला. खिडक्या उघड्या होत्या, एसी बंद होता. पंखा फिरल्याचा आवाजच येत नव्हता. घाबरून एसी लावला, आणि पंखा लगेच सुरू झाला, तापमान खाली आलं. मग कळलं: मोटर ठीक, वायर ठीक, पण तापमान वाढल्यावर पंखा चालू करणारा रिले मेलेला. एसीच्या वेळी दुसऱ्या रिलेवरून चालायचा. मूळ बग हा होता! कुणीतरी कधीतरी अडीचशेचा रिले बदलण्याऐवजी थर्मोस्टॅट काढला होता, आणि त्याचं व्याज मी पेट्रोल पंपावर भरत होतो. म्हणून सांगतो, तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट गायब सापडला तर तो बसवण्याआधी रेडिएटर आणि पंखा तपासून घ्या. आणि गाडी तापलीच तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

पुढच्या दोन टाक्या: १२.१.

उरलेला भाग योगायोगाने सापडला, आणि खरं तर तो सगळ्यात आधी तपासायला हवा होता, कारण त्याला रुपयाही लागत नाही. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून सुरूरच्या फाट्याजवळ चहाला थांबलो. चढावर ब्रेक मारायची वेळच आली नव्हती. उतरून गाडीच्या मागून गेलो तर डाव्या चाकाजवळ करपट वास. चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली (जवळ, टेकवायची नाही). पुढची दोन्ही कोमट, मागचं उजवं थंड, मागचं डावं चांगलंच गरम. तुलना नेहमी एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्याची करायची, पुढच्या-मागच्याची नाही. एक चाक एकटंच तापत असेल तर ब्रेक सुटत नाहीये. म्हणजे मी वर्षभर एका चाकाचा ब्रेक दाबून गाडी चालवत होतो, आणि इंजिन त्या ब्रेकशी भांडण्यात पेट्रोल जाळत होतं.

काकांनी सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून मागची बाजू जॅकवर घेतली. उजवं चाक हाताने ढकललं तर तीन-चार फेऱ्या फिरलं. डावं अर्ध्या फेरीत थांबलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, वर कुणीतरी ती ताणून घट्टही केलेली. केबल आणि साफसफाई, नऊशे रुपये. पुढच्या तीन टाक्या मिळून १३.२.

मित्रांचं चौदा अजून आलं नाही. त्यातला थोडा भाग माझ्या हातात नाहीये. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. ई१० शी तुलना केली तर त्याच्या निम्मं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. तेव्हा "गाडी दहावरून आठवर आली, इथेनॉलमुळे" असं कुणी म्हणालं, तर हिशोब लागत नाही. ई२० एवढं खात नाही, दुसरं काहीतरी शोधा. आणि ॲपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम चार-पाच टक्के प्लस दिसला तर लगेच घाबरू नका. इथेनॉलला जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून ईसीयू थोडं जास्त इंधन सोडतो, एवढाच त्याचा अर्थ. प्लस किंवा मायनस दहाच्या पुढे गेला तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

घाटाचा विषय निघालाय तर एक गैरसमज. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र पेट्रोल लागतंच. वर इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. आमच्या बाबांची चाळीस वर्षांची सवय आहे ही. त्यांना हे पटवायला मला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागला.

एकूण खर्च: डोंगल, फिल्टर, टेस्ट, प्लग, थर्मोस्टॅट, रिले, केबल मिळून पाच हजार दोनशेच्या आसपास. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर हजार किलोमीटरला आधी साधारण ९,७०० लागायचे, आता ७,९००. तीन महिन्यांत वसूल. बाबांचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पंधरा दिवसांनी मागच्या सीटवर पाय लांब करून मी त्यांना फिजिओथेरपीला नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती देते आता?" मी म्हटलं तेरा. "आमची जुनी स्कूटर चाळीस द्यायची," म्हणाले.

रुंद टायर अजून तसेच आहेत. वर्षभर तरी चालतील, झिजले की स्टिकरवरचा साइझ टाकणार आणि परत तीन टाक्या मोजणार. माझी शीट ह्या एपिसोडच्या खाली ठेवलीय, फक्त किलोमीटर आणि लिटर भरा, टायरचा साइझ टाकायची जागाही आहे.